‘पाहिजेत’ची जाहिरात कशी वाचायची? शहरात नव्याने नोकरी शोधायला आलेल्यांसाठी

उदगीरहून पुण्यात आले ते २०१५ साली. हातात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, कर्वेनगरला कॉट बेसिसवर एक कॉट आणि पिशवीत रविवारच्या पेपरातली ‘पाहिजेत’ची कात्रणं. पहिले चार महिने नुसती वणवण केली. ज्या जाहिराती मी वाचून सोडून दिल्या त्यातल्या बऱ्याच मला लागण्यासारख्या होत्या, आणि ज्यांच्यामागे पीएमटीने फिरले त्यातल्या कितीतरी मुळात नोकऱ्याच नव्हत्या. हे कळलं कधी, तर टेबलाच्या पलीकडे बसायला लागल्यावर. गेली सहा वर्षं भोसरीत एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे, तसल्याच जाहिराती आता मी स्वतः टाइप करते, त्यामुळे त्यातलं कुठलं वाक्य कुठनं येतं ते माहितीये.

मुलाखतीत कसं बसायचं, टाय लावायचा का, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी त्याच्या आधीचं सांगणारे. आपल्याला वाटतं चाळणी मुलाखतीत लागते, पण मोठी चाळणी जाहिरातीतच लागून गेलेली असते आणि बऱ्याचदा ती आपणच आपल्याला लावून घेतो, ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून पान उलटतो. लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा, कुठनंही पहिल्यांदा पुण्या-नाशकात आला असाल तर पुढचं वाचा.

आधी एवढं जवळ ठेवा

- आधार, पॅन, बँकेचं पासबुक
- दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा किंवा डिग्रीच्या सगळ्या सेमच्या मार्कशीट, एकाच पीडीएफमध्ये स्कॅन केलेल्या (मोबाईलवर वाकडेतिकडे काढलेले फोटो पाठवू नका, खरंच कुणी उघडत नाही)
- आधी कुठे काम केलं असेल तर अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि पीएफचा यूएएन नंबर
- सरकारी भरतीचा विचार असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल
- एक साधी वही

ओरिजिनल कागद कुणाच्याही हवाली करायचे नाहीत. बघायला दाखवायचे आणि परत पिशवीत. ‘जॉइनिंगपर्यंत आमच्याकडे जमा राहतील’ म्हणणाऱ्याकडनं माझ्या रूममेटला मार्कशीट सोडवून आणायला दोन महिने लागले होते, तेही तिचे मामा दोघा-चौघांना घेऊन गेले तेव्हा.

लग्न झालेल्या मुलींनी एक बघून घ्या, मार्कशीटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत आत्ताच काढून ठेवा. ऐनवेळी ते काम होत नाही.

१. जाहिरात देतंय कोण ते आधी बघा

चाकण, रांजणगाव, तळेगाव, भोसरी, या सगळ्या पट्ट्यात जाहिरात देणारे तीन प्रकारचे. खुद्द कंपनी, कंसल्टन्सी आणि लेबर काँट्रॅक्टर. कागदावर मात्र तिघं एकसारखे दिसतात, ‘नामांकित कंपनीत भरती, १० वी/१२ वी/आयटीआय, राहणे-जेवण-बस फ्री, आजच संपर्क’. एवढी नामांकित आहे तर नाव का नाही लिहिलं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

माझं सांगते. चिंचवडला एक कंसल्टन्सी, दुसरा मजला, जिन्यात चपलांचा ढीग. आत सात-आठ प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांचे लोगो, साध्या ए-फोर कागदावर प्रिंट मारून सेलोटेपने चिकटवलेले, एकाचा तर रंगच उडालेला. टेबलावरच्या ताईने रजिस्टर पुढे सरकवलं, नाव, शिक्षण, मोबाईल, आणि मान वर न करता म्हणाली ‘रजिस्ट्रेशन पाचशे’. दिले. पावतीवर फक्त ‘सर्व्हिस’ असं लिहिलेलं आणि एक गोल शिक्का, त्यात नाव वाचता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चाकणला ज्या गेटवर पाठवलं तिथले वॉचमन काका म्हणाले, ‘अगं पोरी, इथली भरती बंद होऊन दोन वर्षं झाली, रोज तुझ्यासारखी पाच-सहा पोरं येतात.’ त्यांनी पाणी दिलं प्यायला. बाकी काय करणार होते ते तरी.

तर फोनवरच हे तीन प्रश्न विचारून टाका, लाजायचं नाही:

- कंपनीचं पूर्ण नाव काय आणि प्लांट कुठे?
- ऑन रोल (थेट कंपनीच्या पटावर) आहे, काँट्रॅक्ट आहे, का अप्रेंटिस?
- पीएफ कोण भरणार, कंपनी का काँट्रॅक्टर?

तिसऱ्या प्रश्नाला समोरचा चिडला तर बाकीचं उत्तर मिळालंच. अप्रेंटिसचं नीट समजून घ्या, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेला माणूस प्रशिक्षणार्थी धरला जातो, कामगार नाही, म्हणजे मिळतो तो स्टायपेंड. शिकायला चांगलंच आहे ते, पण जाहिरातीत ‘पर्मनंट जॉब’ लिहायचं आणि कागद अप्रेंटिसचा पुढे करायचा हा प्रकार सर्रास चालतो.

नाव मिळालं की पाच मिनिटं घालवा. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कामकाज मंत्रालयाच्या साइटवर नोंद सापडते, आणि ईपीएफओच्या साइटवर आस्थापनेचं नाव टाकलं की तिथे पीएफ भरला जातो का ते दिसतं. जीमेलचा पत्ता आहे म्हणून लगेच फ्रॉड म्हणू नका, भोसरीतली निम्मी वर्कशॉप जीमेलवरच चालतात.

२. जाहिरात तुमच्याकडे चालत येईल असं धरू नका

मोबाईलवर जे दिसतं तेवढ्याच जागा निघाल्यात असं वाटतं. तसं नसतं. लॅम्ब्रेक्ट आणि टकर या दोन संशोधकांनी विज्ञान-तंत्रज्ञानातल्या नोकऱ्यांची एक जाहिरात १९१ देशांत सोशल मीडियावर चालवून बघितली होती, २०१९ ला तो अभ्यास छापून आला. जाहिरातीत स्त्री-पुरुष असा काही भेद नव्हता, दोघांनाही दाखवायची असं सेटिंग होतं, तरी ती बायकांना कमी दिसली. कारण काय तर बायकांना जाहिरात दाखवणं जास्त महाग पडतं, दुकानदार मंडळी त्यांच्यासाठी जास्त बोली लावतात, मग स्वस्तात काम उरकणाऱ्या सिस्टिमने ती पुरुषांकडे ढकलली. कुणाच्या मनात पाप नाही, आणि मुलींना नोकरीचा पत्ता नाही!

म्हणून फीडवर बसून राहू नका. नोकऱ्यांसाठीचं केंद्राचं एनसीएस पोर्टल, राज्याचं महास्वयम्, कंपनीचं करिअर पेज, आणि जुन्या कॉलेजच्या प्लेसमेंट सरांना आठवड्यातनं एक फोन.

३. कुठली अट खरी आणि कुठली आपली लिहायची म्हणून लिहिलेली

जाहिरात कशी तयार होते ते सांगते म्हणजे तुमची भीती जाईल. प्रॉडक्शनचे साहेब व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकतात, ‘एक क्वालिटीचा पोरगा बघा, मागची जेडी टाका.’ जेडी म्हणजे कामाचं वर्णन. मी मागची जेडी उघडते. ती २०१७ ची, माझ्या आधीच्या मॅडमनी दुसऱ्याच कंपनीची कॉपी केलेली. त्यात ‘किमान ५ वर्षे अनुभव’ का, तर जो माणूस सोडून गेला त्याला पाच वर्षं झाली होती म्हणून. ‘सॅपचं ज्ञान’ का, तर तेव्हा कंपनीत सॅप हे सॉफ्टवेअर येणार अशी हवा होती, ते काही आलं नाही. आणि तिकडे लोणीकंदला कुणीतरी दीड वर्षाचा अनुभव असलेला मुलगा ती अट वाचून अर्ज करत नाही.

पेन घ्या आणि जाहिरातीवर खुणा करा. लायसन्स, वेल्डिंगचं सर्टिफिकेट, वायरमनचा परवाना, डी.फार्म रजिस्ट्रेशन, असल्या गोष्टी खऱ्या आवश्यक, त्या नसतील तर सोडा. अनुभवाची वर्षं, सॉफ्टवेअरची नावं, ‘इंग्रजीवर प्रभुत्व’, ‘प्राधान्य’ शब्द लावलेलं सगळं, हे घासाघीस करायचं सामान. निम्म्याहून जास्त जमत असेल तर अर्ज टाकायचा. जास्तीत जास्त काय होईल, फोन येणार नाही. तो तसाही आला नसता.

भाषेचाही परिणाम होतो बरं. २०११ चा एक अभ्यास आहे, गॉशर, फ्रीसन आणि के या तिघांचा, त्यात दिसलं की जाहिरातीत ‘आक्रमक’, ‘स्पर्धेत टिकणारा’, ‘नेतृत्व गाजवणारा’ अशा थाटाचे शब्द भरले की तीच नोकरी बायकांना कमी आवडते. काम जमणार नाही म्हणून नाही, तिथं आपल्यासारखं कुणी नसेल असं वाटतं म्हणून. आपल्याकडच्या ‘धडाडीचे तरुण पाहिजेत’चं तेच आहे. मी ते वाचलं की माझ्या डोळ्यासमोर बुलेटवरचा पोरगा यायचा आणि मी पुढच्या जाहिरातीवर जायचे. काम होतं मोबाईलच्या सुट्या भागांचं काउंटर सांभाळायचं.

४. ‘फक्त पुरुष’, ‘अविवाहित’, ‘लोकल नको’, हे उघड लिहिलेलं असतं तेव्हा

सुधा मूर्तींची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, १९७४ साली टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं लिहिलेलं आणि त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवलं. छान आहे. पण आपल्या ओळखीत जेआरडी नसतात, म्हणून कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या.

भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायचा नाही हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतंच, तो आता २०१९ च्या वेतन संहितेत घेतलाय, कलम ३ बघा. अपवाद फक्त जिथे कायद्यानेच बायकांना ते काम करायला मनाई किंवा मर्यादा आहे तिथला. महाराष्ट्रात वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानं-ऑफिसांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्याचं कलम १३ सरळ म्हणतं की भरती, ट्रेनिंग, बदली, बढती, पगार यात बाईला डावलायचं नाही. दिव्यांगांसाठी २०१६ चा कायदा आहे, तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा, त्यात भरतीतला भेदभाव स्पष्ट बंद केलाय. एचआयव्हीची टेस्ट नोकरीची अट म्हणून मागता येत नाही, २०१७ चा कायदा.

जात आणि धर्माचं मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. राज्यघटनेचं कलम १६ सरकारी नोकरीला लागू आहे. खाजगी कंपनीने भरतीत जात-धर्म बघू नये असा त्याच्यासारखा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे ‘शुद्ध शाकाहारी उमेदवार’ असं लिहिणाऱ्यांचं फावतं.

आणि हे फक्त छोट्या दुकानांचं आहे असं समजू नका. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात लग्न झालेल्या बायकांना असेंब्लीच्या कामाला घेत नाहीत अशी बातमी रॉयटर्सने २०२४ च्या जूनमध्ये दिली, देशभर गाजली, आणि नंतर माणसं पुरवणाऱ्या एजन्सींना जाहिरातीतनं वय, लिंग, लग्न हे उल्लेख काढायला सांगितल्याचंही रॉयटर्सनेच छापलं. उल्लेख काढला म्हणजे विचार गेला असं नाही, ते पुढे पाचव्या मुद्द्यात येईल.

त्याच वर्षी मे महिन्यात गिरगावातल्या ऑफिससाठी ग्राफिक डिझायनरची जाहिरात आलेली, ‘मराठी लोकांचं इथे स्वागत नाही’ असं चक्क इंग्रजीत लिहिलेली, आठवत असेलच. केवढा गदारोळ झाला, माफी मागावी लागली. व्हायलाच हवा होता. पण चाकणला ‘लोकल चालणार नाही’ हे मराठी काँट्रॅक्टर मराठी पोरांनाच वर्षानुवर्षं सांगताहेत, गावातली पोरं युनियन करतात, सुट्ट्या मारतात, भांडण झालं की गाव गोळा होतं असं त्यांचं म्हणणं, त्यावर कुणी गदारोळ करत नाही. आम्ही मराठवाड्यातले तेव्हा त्या ‘लोकल नको’मुळेच आत शिरलो, हेही खरंय. बोलायला जरा अवघड वाटतं, पण आहे.

मग अशी जाहिरात दिसली तर करायचं काय? स्क्रीनशॉट काढा, आणि अर्ज करा. मागचं कारण विचारा. मला पहिली धड नोकरी लागली ती ‘डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स, मेल’ अशा जाहिरातीतनं. रूममेटने फोन हातात दिला, बोल म्हणाली. मी विचारलं, ‘सर, टेस्टिंगचं काम आहे ना, मग मेल का लिहिलंय?’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘अहो सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटते, कंपनीची बस फक्त निगडीपर्यंत, मुलीला कुठे सोडणार?’ म्हणजे त्या एका शब्दाच्या मागे एक बस होती! मला टेस्टिंग येतं का नाही याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मी म्हटलं फर्स्ट आणि जनरल शिफ्ट द्या. सहा महिन्यांनी त्यांनी दुसरी बस लावली, तोपर्यंत आम्ही चौघी झालो होतो.

प्रत्येक वेळी बसच निघेल असं नाही. कधी मागे साहेबांचा ‘बायका लग्न झालं की सोडतात’ निघतो, कधी सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा द्यावी लागेल ही धास्ती. पण विचारल्याशिवाय यातलं काय आहे ते कळत नाही. मेसेज असा टाका: ‘नमस्कार, अमुक पदासाठी अर्ज करत आहे. जाहिरातीत पुरुष उमेदवार असा उल्लेख आहे. कामाचं स्वरूप आणि शिफ्ट कळवल्यास मी ते करू शकते का हे सांगता येईल.’ भांडण नाही, विनवणी नाही.

‘फक्त महिला’ वाचून हुरळून जाऊ नका, एवढं मुलींना सांगते. भारतातल्या एका जॉब पोर्टलवरच्या दीड लाखाहून जास्त जाहिरातींचा अभ्यास झालाय, त्यात जिथे मालकाला बायका हव्यात तिथे जाहिरातीतला पगार सगळ्यात कमी निघाला, आणि अर्ज मात्र मुलींचे तिथेच जास्त. टेलिकॉलर, रिसेप्शन, बॅक ऑफिस. जिथे आपल्याला बोलावतात तिथे आपण जातो आणि तिथेच पैसे कमी, असं ते चक्र आहे. दोन्हीकडे अर्ज टाका.

५. जे लिहिलेलंच नसतं

आता माझीच चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी स्टोअर असिस्टंटची जागा होती. साहेब म्हणाले मुलगाच बघा. मी म्हटलं सर, तसं लिहिता येत नाही. मग काय लिहिलं, ‘स्वतःची दुचाकी व लायसन्स आवश्यक, वय २८ पर्यंत’. स्टोअरच्या माणसाला दिवसभर रॅकपासून गेटपर्यंत चालायचं असतं, दुचाकी कशाला? पण अट काम करून गेली, एकाही मुलीचा अर्ज आला नाही आणि कुणाला वाटलंही नाही की आपल्याला कुणी नाकारलंय. पुढच्या वेळी मी दोन्ही ओळी काढल्या. मुलींचे अर्ज आले, आणि चाळीशीतले दोन माणसंही आली, बंद पडलेल्या कंपनीतली, त्यातल्या एकाला आम्ही आज स्टोअर दादा म्हणतो. त्याला ‘२८ पर्यंत’ने मी आधी बाहेर ठेवलं होतं.

असे शब्द ओळखायला शिका. ‘प्रेझेंटेबल’ आणि ‘फोटोसह बायोडाटा’ म्हणजे रंग-रूप बघणार. ‘एमटीआय नको’ हे कॉल सेंटरवाल्यांचं, म्हणजे बोलताना गावाकडची ढब नको. ‘शिक्षणात गॅप नको’, यात घरच्यांसाठी वर्ष गमावलेली मुलं पहिली गळतात. ‘इमिजिएट जॉइनर’, म्हणजे आधीचा माणूस भांडून गेलाय. ‘कुटुंबासारखं वातावरण’, म्हणजे ओव्हरटाइम मागू नका.

आणि आडनाव. सुखदेव थोरात, आपल्या अमरावतीकडचे, आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी पेपरातल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलून, काही सवर्ण हिंदू वाटतील अशी, काही दलित, काही मुस्लिम. २००७ ला इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत ते आलं. ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. सवर्ण नावाच्या तुलनेत पुढच्या टप्प्याचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. कुठल्याही जाहिरातीत जातीबद्दल अक्षर नव्हतं. त्याच साली त्याच नियतकालिकात जोधका आणि न्यूमन यांनी एचआर मॅनेजरांशी बोलून लिहिलं, सगळे म्हणाले आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, आणि जवळजवळ सगळे घरची पार्श्वभूमी विचारत होते. आपल्याकडे ते ‘गाव कुठलं, तालुका कुठला, पाहुणे कुठले’ असं येतं. मीही ऐकलंय ते, दोन्ही बाजूंनी बसून.

आडनाव लपवा असं मी सांगणार नाही, तुमचं नाव आहे ते. पण बायोडाट्यात वडिलांचं पूर्ण नाव, धर्म, जात, लग्न, उंची, मूळ गाव, हे लिहायची काही गरज नसते. झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या फॉरमॅटमध्ये हे सगळं असतं, लग्नाच्या बायोडाट्यासारखं. तो फॉरमॅट वापरू नका. नाव, मोबाईल, ईमेल, सध्या राहता तो भाग, शिक्षण, येतं काय, केलंय काय. एक पान.

६. पगाराचा आकडा फोडून बघा

‘सीटीसी ३ लाख’ लिहिलेलं असतं. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, हातातला पगार नव्हे. बाराने भागून २५ हजार हातात येणार असं समजून आईला फोन करू नका, मी केला होता. समजा बेसिक साडेबारा हजार धरलं:

- कंपनीचा पीएफ १२ टक्के, १५०० रुपये, हा सीटीसीत आधीच धरलेला
- ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, ६०१ रुपये, हीसुद्धा
- राहिले २२,८९९, त्यातनं तुमचा स्वतःचा पीएफ १५००
- प्रोफेशन टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००)

हातात २१,१९९. महिलांना २५ हजारांपर्यंत महाराष्ट्रात प्रोफेशन टॅक्स माफ आहे, म्हणजे २१,३९९. स्लिपवर कापलेला दिसला तर सांगा, आमच्याकडेच एकदा चार महिने चुकून कापला गेला होता. सीटीसीत व्हेरिएबल, इन्सेंटिव्ह, कँटीन, बस, असलं घातलेलं असेल तर आणखी कमी. दरमहा पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के जातात, ते जाऊ द्या, दवाखान्याला उपयोगी पडतं.

‘पगार १५ ते ४० हजार’ असं लिहिलं असेल तर तुमचा पंधरा. चाळीस कुणाचा असतो ते मला आजवर कळलेलं नाही.

७. पैसे मागितले की उठायचं

रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, ट्रेनिंग, ‘रिफंडेबल’ डिपॉझिट, लॅपटॉपचं कुरिअर, गेटपास. नाव काहीही असो. टेलिग्रामवर रेटिंग देऊन दिवसाला दोन हजार वगैरे तर विचारूच नका, पहिले दोन दिवस पैसे देतात आणि तिसऱ्या दिवशी तुमचेच घेतात. गेलेच पैसे तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकं बरं.

दुबई, कतारच्या जाहिरातींचं वेगळं आहे, तिथे १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली नोंदणी असलेला एजंटच माणूस पाठवू शकतो. त्याचा लायसन्स नंबर ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. त्याने घ्यायची फी जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी, पावतीसह. लाख-दीड लाख मागणारा असेल तर तिथनंच नमस्कार.

८. सरकारी जाहिरात शेवटून वाचा

थोडक्यात सांगते, कारण याचे क्लासवाले गल्लोगल्ली आहेत. इथे उलटं असतं, भेदभाव होऊ नये म्हणूनच जाहिरात तीस-चाळीस पानांची होते. बिंदुनामावलीप्रमाणे (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची याचा तक्ता) प्रवर्गांच्या जागा, त्या प्रत्येक प्रवर्गाच्या आत समांतर आरक्षण, महिला ३० टक्के, अनाथ १ टक्का, दिव्यांग ४ टक्के. सर्वसाधारणपणे वयोमर्यादा खुल्याला ३८, मागासवर्गीयांना ४३, पण पोलिसांसारख्या पदांना वेगळी.

लोक पहिलं पान वाचून जागा मोजतात आणि अर्ज टाकतात. तुम्ही आधी प्रमाणपत्रांचा भाग वाचा. कुठला दाखला कुठल्या तारखेच्या आधीचा हवा ते तिथे असतं, नॉन-क्रिमीलेअरची मुदत एका दिवसाने संपलेली म्हणून बाहेर पडलेली मुलगी आमच्या पीजीत होती, मार्क कटऑफच्या वर. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, एमएस-सीआयटी, हे पण तिथेच. आणि जाहिरात क्रमांक वहीत लिहून ठेवा, शुद्धिपत्रक निघालं की त्याच नंबरने शोधावं लागतं.

९. वही आणि स्क्रीनशॉट

ती वही यासाठी. तारीख, जाहिरात कुठे दिसली, कंपनी, कुणाशी बोललात, काय अटी सांगितल्या. जाहिरात मुलाखतीच्या दिवशीपर्यंत गायब झालेली असते, म्हणून स्क्रीनशॉट हवाच. पगार, शिफ्ट, बस, ऑन रोल, जे जाहिरातीत होतं ते ऑफर लेटरमध्ये आहे का ते शेजारी धरून बघा. नसेल तर सही करायच्या आधी मेलवर विचारा, फोनवर नाही. बाँड (अमुक काळ नोकरी सोडणार नाही असा करार) असेल तर घरी नेऊन वाचतो म्हणा, तिथल्या तिथे सही मागणारी कंपनी उद्या पण तिथे असते.

उघड भेदभावाच्या जाहिरातीबद्दल सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात लेखी तक्रार देता येते, सोबत स्क्रीनशॉट, आणि पोच घ्यायची. जॉब पोर्टलवर त्या जाहिरातीखाली रिपोर्टचं बटण असतं तेही दाबा, आमची एक जाहिरात तशीच उतरली होती, साहेब चिडले, मी गप्प बसले.

एक राहिलंच, फोन दुपारी दोन ते चारमध्ये करू नका, आम्ही तेव्हा हजेरी आणि ओव्हरटाइमच्या शीटमध्ये बुडालेलो असतो. साडेदहा-अकराला करा. आणि उचलला नाही तर परत करा, खरंच राहून गेलेला असतो.